एका कार्डाचा कोपरा

मित्रांनो, पत्रं ओवून ठेवायची जुनी तार तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली असेल, कोण जाणे. हातभर लांब अंग, खाली लाकडाची गोल चकती आणि वर वाकवलेली टोकदार चोच. ती मी. मावळातल्या इंदुरी गावात भिमाजीच्या घरी, पडवीतल्या खुंटीवर मी तीस वर्षं लटकते आहे. आता अंगावर गंज चढला आहे. घरात आलेली नवी सून पत्रं बिस्किटांच्या डब्यात ठेवते आणि मला लसणाची जुडी अडकवते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या या चोचीनं एकदा काय केलं ते ऐकलंत, तर तुम्हीसुद्धा म्हणाल की हिला लसूणच बरा.

माझा जन्म लोणावळ्याचा. रेल्वेच्या कडेनं तारायंत्राचे खांब उभे करायचं काम चाललं होतं आणि भिमाजी तिथं एक हंगाम मजुरीला होता. मोठ्या वेटोळ्यातून कापून उरलेला तुकडा मुकादमानं त्याला दिला. माझ्या बहिणी खांबांवर चढल्या आणि मुंबईपुण्याचे निरोप क्षणात इकडचे तिकडे करू लागल्या. मी मात्र भिमाजीच्या कमरेला गुंडाळून इंदुरीला आले आणि वर्षभर आढ्याला खोचलेली राहिले.

पुढं १९१५ साली भिमाजी पलटणीत भरती झाला. बेळगावला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला खाली काढलं, दगडावर घासून घासून टोक सुईसारखं केलं, चकती बसवली आणि खुंटीला अडकवलं.

"आबा, माजी पत्रं हिच्यावर लावत जावा. उंदरं खायाची न्हाईत," तो म्हणाला.

सांगत होता बापाला, पण बघत होता सैपाकघराच्या दाराकडं. तिथं त्याची बायको मुक्ताबाई उभी होती. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते.

भिमाजी गेल्यावर घरात तीन माणसं उरली. आबा म्हणजे त्याचे वडील अंबाजी, आई बयाबाई, आणि मुक्ताबाई. तिघांनाही अक्षरओळख नव्हती. भिमाजीलाही नव्हती. तो तिकडं हवालदाराला सांगायचा, हवालदार लिहायचा. कार्ड इंदुरीला आलं की शाळेचे माधवराव मास्तर संध्याकाळी येऊन मोठ्यानं वाचायचे. मग आबा ते माझ्या चोचीत ओवायचे. एवढ्या सगळ्यांच्या तोंडांतून आणि कानांतून जाणाऱ्या पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? तिचं नावसुद्धा घ्यायची सोय नव्हती. सुरुवात "तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार" अशी आणि शेवट "घरातील सर्वांस यथायोग्य" असा. त्या 'सर्वांस'मध्ये मुक्ताबाईनं आपला वाटा शोधून घ्यायचा.

पण भिमाजी काही कमी नव्हता. त्याच्या दुसऱ्याच कार्डात मास्तरांनी वाचलं, "दारच्या लिंबोणीला उन्हाचा त्रास होऊ देऊ नये. तिची मला फार आठवण येते."

मास्तर थांबले. "आबा, तुमच्या दारात लिंबोणी आहे?"

"न्हाई बा," आबा म्हणाले. "बाभळ हाय."

"पोराला तिकडं काय तरी बाधलंय," बयाबाई म्हणाली.

सैपाकघराच्या दाराआड मुक्ताबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. लिंबोणी होती, पण वराळ्याला, तिच्या माहेरच्या परसात. भिमाजी तिला बघायला आला तेव्हा ती त्या झाडाखाली लिंबं वेचत होती. दोघं एकमेकांशी पहिलं बोलले ते तिथंच. त्यानंतर दर कार्डात लिंबोणीची चौकशी असायची. ती बरी आहे का, तिला खत घालता का, तिच्यावर कुणी रागावत तर नाही? बिचाऱ्या आबांनी शेवटी तळेगावच्या बाजारातून एक रोप आणून लावलं. ते शेळीनं खाल्लं. तेही मास्तरांनी इमानानं कळवलं, आणि पुढच्या कार्डात भिमाजीनं विचारलं, "शेळीने खाल्ली तरी लिंबोणी हसते ना?" तेव्हा मुक्ताबाई पाणी आणायच्या निमित्तानं उठून परसात गेली. मला ते दिवस फार आवडायचे. गावात माझ्यासारखी भरलेली तार दुसऱ्या कुणाकडं नव्हती आणि येणारेजाणारे मला हात लावून बघायचे.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

त्या काळी माणूस गेल्याचं कळवायचं असेल तर कार्डाचा एक कोपरा फाडून ते पोस्टात टाकत. म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही लांबूनच समजे. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेरच वाचून घ्यायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं, अशी रीत. बयाबाई या बाबतीत फार कडक होती. तिच्या घरात मी फक्त खुशालीची पत्रं वाहिली.

१९१६ च्या माघात एका शुक्रवारी बेळगावहून कार्ड आलं. मास्तर रजा घेऊन पुण्याला गेले होते, सोमवारी यायचे होते. वाचता येणारा दुसरा माणूस गावात होता, पण त्याचं आणि आबांचं बांधावरून बोलणं बंद होतं. "दोन दिसांनी काय बिघडतंय?" असं म्हणून आबांनी कार्ड तसंच माझ्यावर चढवलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नेहमी ते चाचपून मधोमध ओवायचे. त्या दिवशी मी कार्डाच्या अगदी कडेला, कोपऱ्यात घुसले.

सोमवारी दुपारी मास्तर आल्याचं कळलं. आबांनी घाईनं कार्ड ओढलं. त्यांनी ओढलं आणि मी सोडलं नाही. भिमाजीनं इतक्या मायेनं घासलेलं माझं टोक कार्डात अडकलं, कोपरा टरकला आणि माझ्याच अंगावर राहिला. आबांना तो दिसला नाही. कार्ड घेऊन ते ओट्यावर आले, तेवढ्यात पलीकडून कुणी ओरडलं की तुमचा बैल सुटून हरभऱ्यात शिरलाय. आबांनी कार्ड ओट्यावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि काठी घेऊन पळाले.

बयाबाई पाण्याची घागर घेऊन आली. उंबऱ्याबाहेर, दगडाखाली, कोपरा फाटलेलं कार्ड. घागर तिच्या हातातून सुटली.

तिच्या हंबरड्यानं शेजारपाजार गोळा झाला. शेजारची अंबूबाई म्हणाली, "आवं, पर वाचून तर घ्या. कुनाचं हाय कुनाचं न्हाई."

"काय वाचायचं त्यात?" बयाबाई किंचाळली. "माज्या घरी पलटणीबिगर कुटनं येतंय कार्ड? माजं एकच ल्येकरू हाय तितं!"

आणि तिनं ते कार्ड टराटरा फाडलं, तुकडे उकिरड्यावर टाकले. मी पडवीतून बघत होते. कोपरा माझ्या अंगावर होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण तारेकडं कोण बघतं? मित्रांनो, माझ्या बहिणी तिकडं खांबांवर शंभर कोसांवरच्या बातम्या सांगत होत्या आणि मला सहा हातांवरच्या बाईला एक शब्द सांगता येईना.

आबा परत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ते म्हणाले, "आगं, ते तर म्या तारंवरनं काढलं. शुक्करवारी आल्यालं."

"चार दिस मरनाचं कार्ड घरात ठिवलंत? कोपरा दिसला न्हाई तुमास्नी?"

आबांनी डोळे चोळले. डोळ्यांना दिसत नव्हतं हे खरं होतं, आणि म्हणून त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. त्यांनी मान खाली घातली. आपल्याच हातून घरात अशुभ शिरलं असं त्यांनी मानलं.

मुक्ताबाई शेतातून आली ती लोकांची गर्दी बघून दारातच थांबली. तिला सांगितल्यावर ती रडली नाही. "कार्डात काय लिवलं व्हतं?" एवढंच तिनं विचारलं. कार्ड न वाचताच फाडल्याचं अंबूबाईनं सांगितलं. "वाचलं न्हाई तर कळलं कसं?" तिनं पुन्हा विचारलं. बायकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मंगळवारी वराळ्याहून तिची आई आली. मग ओट्यावर बसवून बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या. मुक्ताबाई हात मागं ओढत होती आणि तिची आईच रडत रडत तिचा हात धरून ठेवत होती. हिरव्या काचांचे तुकडे पडवीत माझ्या खाली येऊन पडले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की पत्रं उंदरांनीच खाल्ली असती तर बरं झालं असतं.

माधवराव मास्तरांना हे पटेना. न वाचता कार्ड फाडलं म्हणून ते बयाबाईवर रागावलेही, पण ज्या बाईचा मुलगा गेला तिच्यावर किती रागावणार? त्यांनी बेळगावला चौकशीचं पत्र टाकलं. पाचव्या दिवशी मुक्ताबाईचं लक्ष माझ्याकडं गेलं. ती मला रोज पुसायची, त्यामुळं माझ्यावरचं एकूण एक कार्ड तिला हाताच्या ओळखीचं होतं. सगळ्यांत वर तो कोरा तिकोनी तुकडा बघून तिनं आबांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्यावर टेकवलं.

"आबा, ह्यो कोपरा हितं घरात फाटलाय. फाटून आल्याला न्हवता."

आबांनी तो तुकडा कितीदा चाचपला. मग ते लहान मुलासारखे रडले. बयाबाई मात्र ऐकेना. "जुन्या कार्डाचा आसंल. उगा आस लावू नगा," ती म्हणाली. खरं सांगते, तिला आशेचीच भीती वाटत होती.

दीड महिना असाच गेला. बेळगावहून उत्तर नाही. मुक्ताबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि मनात सुतक नव्हतं. गावातल्या बायका तिला सणाला बोलवत नव्हत्या, आणि ती रोज पोस्टाचा माणूस येण्याच्या वाटेकडं तोंड करून निवडणं करत बसायची.

चैत्रात कार्ड आलं. चारही कोपरे शाबूत. बसऱ्याहून, समुद्रापलीकडून. मास्तर धावतच आले आणि उभ्या उभ्या वाचू लागले. भिमाजी खुशाल होता. बयाबाईनं जमिनीवर डोकं टेकलं. पण मास्तरांचा आवाज पुढं हळू होत गेला.

"मागील कार्डात कळविल्याप्रमाणे आमची गाडी मंगळवारी लोणावळ्यास आली. घाट उतरण्याआधी ती दीड तास उभी होती. आपणांस सर्वांस, घरच्या माणसांस, घेऊन यावे असे लिहिले होते. मी फलाटावर उभा होतो. आपले कोणी दिसले नाही. असो."

सगळ्यांनी एकच हिशोब मनात केला. तोच मंगळवार. भिमाजी लोणावळ्याच्या फलाटावर बायकोची वाट बघत उभा होता, आणि इथं ओट्यावर त्याच्याच नावानं तिच्या बांगड्या फोडल्या जात होत्या.

त्याच संध्याकाळी मुक्ताबाईच्या हातात बांगड्या आल्या, कपाळाला कुंकू लागलं, गावभर गूळ वाटला. पण उत्तर लिहायची वेळ आली तेव्हा बयाबाई अडली.

"हे कळवायचं न्हाई. मास्तर, तुमाला शपथ हाय. जित्या ल्येकाला कसं सांगू, की आयनं तुजं सुतक धरलं? आबांना ताप आलता म्हनून लिवा."

"खोटं का लिहायचं, बयाबाई? अशी बातमी खोटी ठरली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"माजी शपथ हाय," ती म्हणाली आणि रडू लागली. मास्तरांनी ताप लिहिला. मुक्ताबाई दाराआड उभी होती. सासूसासऱ्यांच्या आणि मास्तरांच्या देखत ती काय बोलणार?

त्यानंतर भिमाजीची कार्डं येत राहिली, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी. मी खुशाल आहे, ऊन फार आहे, आबांची प्रकृती सांभाळावी. लिंबोणीचं नाव नाही. मास्तर वाचून संपवायचे आणि मुक्ताबाई दाराआड अजून थोडा वेळ उभी राहायची, काही राहून गेलं असेल म्हणून. ताप आबांना आला होता, मग बायकोला कुणाबरोबर तरी धाडता आलं नसतं का, असं त्याला वाटणारच. मला तरी वाटलं असतं.

मग तिनं एक केलं. मास्तरांच्या बायकोला, पद्मजाबाईंना, ती रोज ताक नेऊन द्यायची. तिथं चुलीपाशी बसून ती अक्षरं शिकू लागली. घरी कुणी नसलं की माझ्यावरची कार्डं उचलून उचलून वाचायची, बोट ठेवून, ओठ हलवत. माझ्यावरून कार्ड काढताना ती इतकं जपायची की मला लाज वाटायची. वर्ष गेलं. एका दुपारी ती माझ्याखाली बसली आणि तिनं तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या. कार्डावर लिहिलं असतं तर वाटेत कुणीही वाचलं असतं, म्हणून तिनं ते पाकिटात घातलं. पत्ता पद्मजाबाईंनी घातला. तळेगावच्या बाजाराला गेली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं ते पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. पुढचं कार्ड नेहमीसारखंच होतं. त्याच्या पुढचंही. सगळं वाचून त्यानं आपल्याला मनातून काढून टाकलं असं तिनं धरलं. आता तिला मास्तरांची गरज नव्हती, पण कार्ड आलं की ती आधी वाचायची नाही. दाराआड जाऊन उभी राहायची. लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा गावात बायकांनी तिला विचारलं, "आता येतील की गं, न्हवं?" ती म्हणाली, "येतील. घर त्यांचंच हाय."

१९१९ च्या उन्हाळ्यात भिमाजी आला. तळेगावला उतरून चालत आला. पलटणीत गेला तेव्हा दांडगा होता, आला तो गालफडं बसलेला, काळा पडलेला. बयाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. दिवसभर माणसं येत होती. मुक्ताबाईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. दोघांची नजर काही भेटली नाही.

दुपार कलल्यावर माणसं पांगली. आबा ओट्यावर डुलक्या घेत होते. भिमाजी माझ्याखाली भिंतीला टेकून बसला होता. मुक्ताबाई ताटं उचलायला आली, तेव्हा त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. कडा झिजलेल्या, घामानं पिवळं पडलेलं. पण अजून बंद.

"हे तू धाडलंस न्हवं?"

तिनं ओळखलं. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं. "व्हय. तुमी वाचलं न्हाई?"

"मला कुटं येतंय वाचाया?"

"मग हवालदाराला..."

"त्यो मागत व्हता. म्या दिलं न्हाई." भिमाजी जमिनीकडं बघत बोलत होता. "बंद पाकीट. बाईमानसाशिवाय कोन धाडील? म्हनलं हिला काय तरी माज्याशीच बोलायचं हाय, ते चार मानसांत कसं ऐकू? आन् भ्या बी वाटलं. ठेसनावर आली न्हाईस. म्हनलं, म्हायेरी निगून गेले म्हनून लिवलं आसंल. बंद हाय तवर बरं हाय." त्यानं पाकीट तिच्यापुढं धरलं. "आता तूच वाच."

बयाबाई परसातून आत येत होती. ती दाराशीच थबकली.

मुक्ताबाईनं नखानं पाकिटाचा डिंक हळूहळू सोडवला. कागद कुठंही फाटू दिला नाही. मग ती वाचू लागली. दोन वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेलं, तरी ती प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत होती.

"तुमचे कार्ड वाचण्याआधी फाडले गेले. तुम्ही गेला असे सगळ्यांना वाटले. तुमची गाडी लोणावळ्यास उभी होती त्या दिवशी इथे माझ्या बांगड्या फोडल्या. मला ठाऊक असते तर मी पायी चालत आले असते. मी कुठे गेले नाही, इथेच आहे."

भिमाजीनं मान वर केली. दारातून बयाबाई म्हणाली, "म्या फाडलं रं बाबा. ताप बी म्याच लिवाया लावला. हिचा काय दोस न्हाई," आणि तिथंच खाली बसली. भिमाजीनं आईकडं पाहिलं, मग उठून तिला हाताला धरून आत आणलं आणि आपल्याशेजारी बसवलं.

मित्रांनो, आईनं ते कार्ड फाडलं खरं, पण कोपरा मी फाडला होता. ते त्या तिघांपैकी कुणी मला बोललं नाही, म्हणून आज मीच तुम्हांला सांगितलं. घरी आलेलं पत्र कितीही भीतीचं वाटलं तरी आधी वाचा. चूक झाली असेल तर ती लिहून कळवा, तापाचं निमित्त सांगू नका. आणि कुणी तुमच्या वाचण्याची वाट बघत असेल तर त्याला ताटकळत ठेवू नका, कारण पलीकडं तो माणूस फलाटावर उभा असतो.

मुक्ताबाईनं कागदाची घडी घातली आणि सवयीनं माझ्या चोचीकडं हात नेला. भिमाजीनं तो हात मधेच धरला.

"तितं नगं," तो म्हणाला. "परत वाच."